हरकत घेऊ न शकणारा प्रवासी

विषय आणि त्याची कुंपणे

लातूरहून निघालेली गाडी चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा ही गावे मागे टाकत अडीच-तीन तासांत नांदेडला पोहोचते. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो, त्यामुळे काचा वर आणि एसी चालू. मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला निघालेल्या गाडीच्या काचा थंडीमुळे बंद. दोन्ही वेळा आत चार-पाच मोठी माणसे आणि कुणाच्या मांडीवर, कुणाच्या मधे, मागच्या बाकावर दाटीवाटीने बसलेली दोन-तीन लेकरे. त्या मोठ्यांपैकी एकाने सिगारेट किंवा बिडी पेटवली, तर लेकरांच्या छातीत काय जाते आणि त्याबद्दल कायद्याने काही म्हणावे की नाही, एवढाच या विवेचनाचा विषय आहे.

धूम्रपान करावे की करू नये, हा वेगळा प्रश्न आहे. सज्ञान माणसाने आपल्या फुप्फुसांचे काय करावे, हा त्याचा निर्णय आहे असे येथे गृहीत धरले आहे. तंबाखू चघळण्याचा प्रश्नही बाहेर ठेवला आहे, आणि तो बाहेर ठेवताना एक गोष्ट मान्य करावी लागते. मराठवाड्यात तंबाखूचे नाव घेतले की धुराच्या आधी मळलेला तंबाखू आणि चुन्याची डबी डोळ्यांपुढे येते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते, तर ओढणारे होते ३.८ टक्के. तोंडाच्या कर्करोगाचा विचार करणाऱ्याने पहिल्या आकड्याकडे पाहावे. शेजारी बसलेल्या मुलाचा विचार करणाऱ्याला मात्र दुसरा आकडाच महत्त्वाचा, कारण चघळलेला तंबाखू चघळणाऱ्यालाच खातो आणि ओढलेला गाडीतल्या सगळ्यांमध्ये वाटला जातो. शिवाय ओढणारे थोडे आहेत याचा अर्थ असाही होतो की, ज्यांच्यावर बंधन येणार ते थोडे आणि ज्यांना संरक्षण मिळणार ते पुष्कळ.

बंद गाडीतली हवा

येथे मोजमापापासून सुरुवात करणे बरे, कारण या विषयात अतिशयोक्ती लवकर शिरते. मोटारीतला धूर घरातल्या धुरापेक्षा २३ पट विषारी असतो, हे वाक्य अनेक देशांतल्या आरोग्यसंस्थांनी आपापल्या पत्रकांत छापले होते. २०१० साली कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात रॉस मॅकेन्झी आणि बेकी फ्रीमन यांनी या आकड्याचा माग काढला, तेव्हा त्यामागे कोणतेही संशोधन सापडले नाही. एका वृत्तपत्रातले विधान एकाने उचलले, त्याच्यावरून दुसऱ्याने घेतले, आणि शेवटी ते सिद्ध गोष्ट म्हणून मिरवू लागले. दोघेही लेखक बंदीच्या विरोधातले नव्हते. चांगल्या कामासाठी खोटा आकडा वापरला की विरोधकाच्या हाती आयते हत्यार मिळते, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे अजून कायदाच झालेला नाही, त्यामुळे ही चूक टाळायला आपल्याला पुरेपूर वाव आहे.

खरा हिशेब साधा आहे आणि तो पुरेसा आहे. एका सिगारेटमधून साधारण १० ते १५ मिलिग्रॅम सूक्ष्म कण हवेत मिसळतात. हे कण अडीच मायक्रोमीटरपेक्षा बारीक असल्याने नाकातल्या केसांत अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. मोटारीच्या आतली मोकळी जागा ३ घनमीटरच्या आसपास. बारा मिलिग्रॅम कण ३ घनमीटरांत पसरले, तर प्रत्येक घनमीटरमागे ४,००० मायक्रोग्रॅम भरतात. ही थांबलेल्या, पूर्ण बंद गाडीतली कमाल स्थिती आहे. भारताच्या हवेच्या मानकात चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम आहे. अर्थात काही मिनिटांचे शिखर आणि चोवीस तासांची सरासरी यांची थेट तुलना करणे चूक ठरेल, हेही याच दमात सांगितले पाहिजे.

गाडी धावत असली की हवा बदलते आणि आकडा झपाट्याने उतरतो. किती उतरतो, याचे उत्तर २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या मोजणीत मिळते. तेथे लोकांच्या रोजच्या वापरातल्या गाड्यांत यंत्र ठेवले होते, म्हणजे प्रयोगशाळेतला देखावा नव्हता. ज्या प्रवासात कोणी ओढले नाही त्यात सूक्ष्म कणांची सरासरी ७.४ मायक्रोग्रॅम होती, ज्यात ओढले गेले त्यात ८५. चालकाने आपल्या बाजूची काच उघडली किंवा पंखा लावला, तरी सिगारेट पेटलेली असताना काही वेळ पातळी सुरक्षित मर्यादेच्या वर गेलीच. ‘काच खाली करून ओढतो ना’ हे आपल्याकडचे नेहमीचे उत्तर या मोजणीपुढे अर्धेच टिकते. धूर कमी होतो, संपत नाही. पुढच्या खिडकीतून निघालेला बराचसा धूर वाऱ्याच्या झोताने मागच्या बाजूला वळतो, आणि मागे मुले असतात. एसी आतलीच हवा फिरवण्यावर ठेवला असेल तर तेवढीही सुटका नाही.

आता त्या हवेत बसलेल्या मुलाकडे पाहू. मोठा माणूस मिनिटाला बारा-पंधरा श्वास घेतो, तान्हे मूल तीस-चाळीस. वजनाच्या प्रमाणात मूल मोठ्यापेक्षा कितीतरी जास्त हवा आत घेते. त्याच्या श्वासनलिका अरुंद असतात, त्यामुळे थोडी सूजही त्यांना बुजवायला पुरते. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रसायने असतात आणि त्यांपैकी सुमारे ७० कर्करोग घडवणारी आहेत. मुलांच्या बाबतीत त्याआधी दिसणारे परिणाम वेगळे: दम्याचे झटके, न्यूमोनिया, मधल्या कानाचा पुन्हा पुन्हा होणारा संसर्ग, तान्ह्यांचा झोपेतला अचानक मृत्यू. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने हा सगळा पुरावा एकत्र मांडला आणि अशा धुराचे निर्धोक प्रमाण असे काही नसते, असा निष्कर्ष काढला. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २००४ या एका वर्षात जगभरात दुसऱ्याच्या धुराने सुमारे ६ लाख ३ हजार मृत्यू झाले. त्यांत १ लाख ६५ हजार पाच वर्षांखालची लेकरे होती, आणि ती मुख्यतः छातीच्या संसर्गाने गेली.

यांपैकी मोटारीतल्या धुराचा वाटा किती, हे वेगळे काढून दाखवणे अवघड आहे. ज्या मुलाचा बाप गाडीत ओढतो तो बहुधा घरातही ओढतो, आणि मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत चुलीचा धूर अजून आहेच. म्हणून गाडीतल्या एका सिगारेटने एक मूल आजारी पडते, असे सरळ समीकरण मांडता येणार नाही. मांडता येते ते एवढेच: हानी करणारा पदार्थ तोच, जागा दहा पटींनी लहान, आणि बसलेला जीव सर्वांत नाजूक. सावधगिरीचा निर्णय घ्यायला एवढा पुरावा मला पुरेसा वाटतो. अशाच प्रतीच्या पुराव्यावर आपण शाळेच्या आवाराजवळची तंबाखूविक्री बंद केली आहे.

आजचा कायदा कोठे थांबतो

भारतात धूम्रपानबंदीची वाट एका मुंबईकराने मोकळी केली. मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ नोव्हेंबर २००१ रोजी सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानावर देशभर बंदी घातली. न ओढणाऱ्याला दुसऱ्याचा धूर घ्यायला लावणे म्हणजे राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काला धक्का लावणे, हा त्या आदेशाचा पाया. पुढे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आला, ज्याला व्यवहारात कोटपा म्हणतात. त्याच्या चौथ्या कलमाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई केली, दंड २०० रुपयांपर्यंत. २ ऑक्टोबर २००८ पासून सुधारित नियम लागू झाले आणि जागेच्या मालकावर किंवा प्रमुखावरही जबाबदारी आली: फलक लावायचा, राखदाणी, काडेपेटी किंवा लायटर ठेवायचा नाही.

या कायद्याने केलेल्या ‘सार्वजनिक ठिकाणा’च्या व्याख्येत रुग्णालये, न्यायालये, शाळा, उपाहारगृहे यांच्याबरोबर सार्वजनिक वाहनेही आहेत. म्हणजे एसटीची बस, नांदेडच्या वजिराबादेतून सुटणारी प्रवासी रिक्षा, अहमदपूर-उदगीर फेऱ्या मारणारी काळी-पिवळी जीप आणि भाड्याची टॅक्सी यांत ओढणे आजही गुन्हा आहे, आत मूल असो वा नसो. शाळेची बस आणि व्हॅन यांत तर शंकाच नको. मुलांना सोडून परतताना रिकाम्या व्हॅनमध्ये ओढणाऱ्या चालकालाही सूट नाही, आणि ते रास्तही आहे. गाद्यांवर, छताच्या कापडावर बसलेला धुराचा थर दुपारच्या फेरीपर्यंत उरतो.

खासगी मोटार मात्र या व्याख्येत येत नाही. येथे कायद्याची एक गंमतीशीर नव्हे, गंभीर अडचण आहे. रस्त्यावरची खासगी गाडी सार्वजनिक ठिकाण ठरते का, या प्रश्नाला सर्वोच्च न्यायालयाने दोन संदर्भांत दोन उत्तरे दिली आहेत. बिहारच्या दारूबंदी कायद्याखालील सतविंदर सिंग सलुजा प्रकरणात २०१९ साली न्यायालय म्हणाले की, सार्वजनिक रस्त्यावरून जाणारी खासगी गाडी लोकांच्या आवाक्यातली असते, म्हणून ती त्या कायद्यापुरती सार्वजनिक जागा आहे. हरियाणातल्या बूटा सिंग प्रकरणात २०२१ साली, अमली पदार्थांच्या कायद्याखाली, रस्त्यावरची खासगी जीप सार्वजनिक ठिकाण मानायला न्यायालयाने नकार दिला. दोन कायद्यांच्या व्याख्या वेगळ्या असल्याने दोन्ही निकाल आपापल्या जागी उभे राहतात. पण त्यातून आपल्या विषयासाठी एक धडा मिळतो. कोटपाची व्याख्या ताणून खासगी मोटारीवर बसवू पाहाल, तर पहिल्याच आव्हानात ती फाटेल. कोटपात ‘सर्वसामान्य लोक ज्यांचा वापर करतात’ अशी कसोटी आहे, आणि कोणाच्या घरची गाडी सर्वसामान्य लोक वापरत नाहीत. मुलांसाठी नियम हवा असेल तर तो स्वतंत्रपणे, स्पष्ट शब्दांत लिहावा लागेल.

सार्वजनिक वाहन आणि खासगी मोटार या दोहोंच्या मधे मराठवाड्यात वाहनांचा मोठा गट आहे, ज्याचा विचार मुंबई-पुण्यात बसून कोणी करत नाही. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी लग्नसराईत वऱ्हाडासाठी भाड्याने धावते. लातूरला शिकवणीसाठी ठेवलेली मुले सुटीत निलंगा, देगलूर, मुखेड, कंधारकडे परततात तेव्हा तीन-चार पालक मिळून अशीच एखादी गाडी ठरवतात. कागदावर ती घरची, वापरात भाड्याची. आज त्यात ओढणाऱ्याला हटकायचे झाल्यास ‘ही खासगी गाडी आहे’ हे एक वाक्य पुरते.

हरकत कोणी घ्यायची

मला वाटते, या प्रश्नाचा गाभा धुराच्या मोजमापात नाही. तो हरकतीत आहे.

१९८९ च्या रेल्वे कायद्याचे १६७ वे कलम पाहावे. डब्यातल्या दुसऱ्या प्रवाशाने हरकत घेतली तर तेथे कोणी धूम्रपान करू नये, असे ते पहिल्यांदा सांगते. नंतरच्या पोटकलमात रेल्वे प्रशासनाला सरसकट मनाई करण्याचा अधिकार दिला आहे. या दोन पोटकलमांत दोन वेगळ्या समजुती आहेत. पहिली म्हणते: ज्याला त्रास होतो त्याने बोलावे, मग कायदा त्याच्या पाठीशी उभा राहील. दुसरी म्हणते: कोणी बोलले काय नि न बोलले काय, येथे ओढायचे नाही. सज्ञान, परस्परांना अनोळखी, बरोबरीच्या प्रवाशांमध्ये पहिली समजूत पुरेशी आणि सभ्य आहे. ती कोसळते ती जेथे हरकत घेणारा बोलूच शकत नाही तेथे.

मराठवाड्यातल्या एका गाडीत कोण कोण बसते ते पाहा. गाडी मामाची, मामा पुढे. मागे मामी, तिची नणंद, दोघींची मुले. मामा सिगारेट पेटवतो. सहा वर्षांच्या भाच्याने ‘मामा, विझवा’ म्हणावे अशी अपेक्षा कोणी करणार नाही. त्याच्या आईने म्हणावे, तर ती भावाच्या गाडीतून माहेरी चालली आहे. सून असेल आणि ओढणारे सासरे असतील, तर प्रश्नच मिटला. ती पदर मुलाच्या नाकावर धरेल आणि काच दोन बोटे खाली करील. कामावर ठेवलेला चालक असेल तर मालकाला काय बोलणार? आणि चालकच ओढत असेल, तर भाड्याने बसलेली बाई एकटी, रात्रीची, लेकराला घेऊन, त्याच्याशी वाद घालील का?

घरात मुलाला निदान अंगणात जाता येते, शेजारी पळता येते. धावत्या गाडीतून त्याला कोठेही जाता येत नाही. बोलता न येणे आणि निघून जाता न येणे, या दोन गोष्टी एकत्र आल्या की ‘त्रास होत असेल तर सांगावे’ हा शिष्टाचार निकामी होतो. त्या जागी कायद्यानेच हरकत नोंदवून ठेवावी लागते. दंडाची भीती त्यात दुय्यम आहे. नियम अस्तित्वात असल्याने मागच्या बाकावरच्या बाईला एक वाक्य मिळते, जे तिच्या तोंडी उद्धट वाटत नाही: ‘भाऊ, पोरं हायेत, पोलीस दंड लावतेत म्हणं.’ चालकाला मिळते: ‘साहेब, पावती माझ्या नावानं फाटंल.’ आपल्या समाजात वडीलधाऱ्याला थेट नाही म्हणणे जड जाते, पण नियमाकडे बोट दाखवणे कोणालाही जमते. मानही राखला जातो आणि सिगारेटही विझते.

हे नुसते अनुमान नाही याची साक्ष नांदेडातच आहे. गुरू गोविंदसिंगजींचे १७०८ साली येथे महानिर्वाण झाले, आणि सचखंड हुजूर साहिबमुळे हे शहर शिखांच्या पाच तख्तांपैकी एकाचे गाव झाले. खालशाच्या आचारसंहितेत तंबाखू वर्ज्य आहे. गुरुद्वाराच्या आवारात कोणत्याही धर्माचा, कोणत्याही वयाचा माणूस सिगारेट पेटवत नाही. तेथे हवालदार उभा करावा लागत नाही. नियम सर्वांना ठाऊक आहे, तो सर्वांना सारखा आहे आणि तो पाळायला सांगण्यात कोणाचा अपमान नाही, म्हणून तो पाळला जातो.

पूर्वपक्ष

पहिला आक्षेप खासगीपणाचा. माझी गाडी, माझे मूल, सरकारचा संबंध काय? २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने खासगीपण हा मूलभूत हक्क ठरला आहे, त्यामुळे हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही. पण त्याच निकालाने मर्यादा घालण्याच्या कसोट्याही दिल्या: कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि बंधन हेतूच्या प्रमाणात हवे. मूल गाडीत असेपर्यंत ओढू नका, हवे तर गाडी कडेला घेऊन खाली उतरून ओढा, याहून लहान बंधन सुचवणे कठीण आहे. शिवाय खासगी गाडीत मुलासाठी कायदा आधीच शिरलेला आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या १९४-ब कलमानुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाल-आसन नसेल तर चालकाला १,००० रुपये दंड आहे. चार वर्षांखालचे मूल दुचाकीवर नेताना हेल्मेट, अंगाला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा हे नियम २०२२ मध्ये अधिसूचित झाले. बापाच्या गाडीत मुलाच्या छातीवर पट्टा असावा असे कायद्याने सांगितलेले आपण मान्य केले. त्याच छातीत जाणाऱ्या धुराबद्दल तो बोलू लागला तर तत्त्व नवे होत नाही.

हा वाद महाराष्ट्राने याआधीही घातला आहे, आणि कितीतरी कडवटपणे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षे केले, तेव्हा लोकमान्य टिळकांचे म्हणणे होते की समाजसुधारणा आतून, शिक्षणाने व्हावी, परक्या सरकारने घरात शिरू नये. आगरकर आणि रा. गो. भांडारकर दुसऱ्या बाजूला होते. निजामाच्या राज्यातल्या मराठवाड्याला तो कायदा लागू नव्हता, पण वाद सगळ्या मराठी मुलखाचा होता. परक्या सत्तेबद्दलचा टिळकांचा मुद्दा त्या काळी वजनदार होता, आज तो उरलेला नाही. उरतो तो ‘आधी प्रबोधन, मग कायदा’ हा क्रम. ज्याला इजा होते तोच निर्णय घेणारा असेल, तेथे हा क्रम योग्य आहे. इजा मुलाला आणि प्रबोधन बापाचे, असे असताना बाप शहाणा होईपर्यंत मुलाने धूर घेत थांबावे, हे मला पटत नाही.

दुसरा आक्षेप अंमलबजावणीचा, आणि तो सर्वांत जड आहे. शिवाजी चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस काळ्या काचेच्या गाडीत कोण ओढते ते कसे पाहणार? पाहिलेच तर पावती फाडील की चिरीमिरी घेऊन सोडील? ही भीती खरी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये १ ऑक्टोबर २०१५ पासून १८ वर्षांखालचे मूल असलेल्या गाडीत धूम्रपानाला बंदी आहे. तेथेही सुरुवातीच्या काळात फाडलेल्या पावत्या अगदी मोजक्या होत्या, आणि विरोधकांनी कायदा फसल्याचे जाहीर केले. पुढे १३ ते १५ वयाच्या मुलांच्या उत्तरांवरून केलेल्या अभ्यासात, कायद्यानंतर गाडीत नियमितपणे धूर घ्यावा लागणाऱ्या मुलांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे दिसले. पावत्या नाहीत, तरी बदल आहे. वर हरकतीबद्दल जे म्हटले त्याच्याशी हे जुळते. मात्र इंग्लंडमध्ये आधीच लोकमत तयार होते आणि तेथे वडीलधाऱ्यांपुढचा संकोच आपल्याइतका नाही, म्हणून तोच आकडा लातुरात मिळेल असा हिशेब कोणी मांडू नये.

तिसरा आक्षेप: खासगी मोटारी किती जणांकडे आहेत? मराठवाड्यातली बहुसंख्य मुले दुचाकीवर आई-वडिलांच्या मधे, एसटीत, ॲपे रिक्षात किंवा ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत असतात. हा आक्षेप खोडून काढण्याचे कारण नाही, तो मान्यच केला पाहिजे. खासगी मोटारीवरचा कायदा त्या मुलांना काही देत नाही. ट्रॉलीतल्या मुलाला धुरापेक्षा ट्रॉलीचाच धोका मोठा आहे. पण यावरून निष्कर्ष निघतो तो कायदा करू नये असा नाही. काम कोठून सुरू करावे एवढेच त्यातून ठरते, आणि ते पुढे येईल.

तंबाखूवर पोट असणाऱ्यांचा मुद्दाही कधी कधी काढला जातो. किनवटच्या जंगलात तेंदूपत्ता गोळा करणारे आदिवासी आहेत, सीमेपलीकडे निजामाबादेत बिड्या वळणाऱ्या बायका आहेत. मुले गाडीत असताना न ओढलेल्या बिड्यांनी त्यांच्या मजुरीत दिसण्याजोगी घट होईल, असे मानायला आधार नाही.

कलम लिहायचे तर

जगात या कायद्याचे नमुने भरपूर आहेत. त्यांतला सर्वांत मोठा फरक वयाचा. दक्षिण आफ्रिकेने मर्यादा १२ वर्षे ठेवली, दक्षिण ऑस्ट्रेलियाने २००७ मध्ये आणि कॅनडातल्या ऑन्टारिओने २००९ मध्ये १६, कॅलिफोर्नियाने २००८ मध्ये, फ्रान्सने २०१५ मध्ये आणि न्यूझीलंडने २०२१ मध्ये १८. इटलीने २०१६ साली गर्भवतींनाही त्यात घेतले, आणि ते मला विशेष योग्य वाटते, कारण पोटातल्या मुलाची हरकत तर आईलाही कळत नाही. आपल्याकडे १८ हीच मर्यादा सोयीची. तंबाखूविक्रीची वयोमर्यादा १८ आहे, २०१५ च्या बालन्याय कायद्यात मूल म्हणजे १८ वर्षांखालची व्यक्ती, आणि त्याच कायद्याच्या ७७ व्या कलमात मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मुलाच्या हातात सिगारेट दिली तर सात वर्षे आणि तिचा धूर त्याच्या नाकात सोडला तर काहीच नाही, ही दरी एवढी मोठी असू नये. चौदा की सोळा, हे पोलिसाला चेहऱ्यावरून कळणार नाही ही अडचण अठरालाही आहे. पण मांडीवरचे आणि गणवेशातले मूल ओळखायला दाखला लागत नाही, आणि खरी गरज तेथेच आहे.

दुसरा प्रश्न कलम कोणत्या कायद्यात घालावे. महाराष्ट्राने २०१८ साली हुक्का पार्लरबंदीसाठी कोटपात राज्यापुरती दुरुस्ती केली, म्हणजे तो मार्ग माहितीचा आहे. तरी मी मोटार वाहन कायद्याची बाजू घेईन. यांत्रिक वाहने समवर्ती सूचीत आहेत, त्यामुळे राज्याला तेथेही हात घालता येतो. १९४-ब च्या शेजारी हे कलम बसले तर पट्टा तपासणारा पोलीसच ते पाहील, आणि ई-चलनाची सोय असल्याने रोख हाताळणी टळेल. रस्त्यावर पैसे न घेण्याची अट तर कलमातच लिहावी.

जबाबदारी ओढणाऱ्यावर आणि चालकावर, दोघांवर. भाड्याच्या चालकावर हा अन्याय वाटेल. पण त्याच्यावर जबाबदारी टाकल्यानेच त्याला मालकापुढे बोलायला आधार मिळतो. फक्त चालक पगारी असेल आणि ओढणारा मालक असेल, तर दंड मालकाकडूनच वसूल व्हावा. रक्कम लहान असावी, पहिल्या वेळी समज पुरे. काच उघडी होती हा बचाव चालू नये. छत असलेले प्रत्येक वाहन यात यावे, म्हणजे घरची रिक्षा सुटणार नाही. थांबलेल्या गाडीलाही नियम लागू हवा, कारण वरच्या हिशेबात सर्वांत वाईट आकडा थांबलेल्या गाडीचाच होता. ई-सिगारेटचा वेगळा उल्लेख नको, ती २०१९ पासून मुळातच बंद आहे.

आणि आता सुरुवात कोठून. कायदा व्हायला वर्षे जातील, पण सार्वजनिक वाहनांतली बंदी आजच आहे आणि ती कागदावर पडून आहे. २०११ च्या महाराष्ट्र शालेय बस नियमांनुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असते. तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो, वाहतूक पोलीस आणि मोटार वाहन निरीक्षकही असतात. नांदेडच्या आणि लातूरच्या परिवहन कार्यालयांनी जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी व्हॅन आणि बस तपासताना ब्रेक व विमा यांच्याबरोबर आणखी तीन गोष्टी पाहाव्यात: धूम्रपानबंदीचा फलक मराठीत, मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावलेला आहे का, गाडीत राखदाणी किंवा लायटर आहे का, आणि तक्रारीसाठी समितीतल्या पालकाचा क्रमांक दारावर लिहिलेला आहे का. गॅसवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये पेटती काडी हा वेगळाच धोका आहे, तो चालकांच्या बैठकीत सांगितला तर फुप्फुसाच्या गोष्टीपेक्षा लवकर पटतो. त्यानंतर काळी-पिवळी आणि ॲपे यांच्या थांब्यांवर, चालक संघटनांना बरोबर घेऊन, हेच. पांढऱ्या पाटीच्या गाड्यांची वेळ त्यानंतर येईल, आणि तोपर्यंत शाळेच्या व्हॅनमध्ये तो फलक रोज वाचणारी मुले घरच्या गाडीत बसल्यावर विचारू लागलेली असतील की तो येथे का नाही.